भोंग्याच्या आधी की नंतर

मानवतला डिसेंबरात सगळेच शिंकतात.
जिनिंगचा कापूस रस्त्यावरून उडतो,
बाभळीच्या काट्यांना अडकतो, चहाच्या सायीवर बसतो,
माझ्या मेडिकलच्या काचेवरही त्याची पातळ लव.
म्हणून नुसत्या शिंकेवरून मी काही ठरवत नाही.

विचारते, "कधी सुरू झालं?"
"झाले की चार-दोन दिस.
आदी घसा खवखवला, मंग नाक गळू लागलं..."
वेळ सांगता येत नसेल, तर बहुतेक सर्दी.
लांबच्या पाहुणीसारखी येते ती,
आधी ओट्यावर टेकते, मग हळूच चुलीपर्यंत,
आठवडाभर राहते,
आणि जाताना खोकला विसरून जाते.

पण खाजामिया म्हणाले,
"तीनचा भोंगा झाला, मी गठाण उचलली,
आन् खाली ठेवायच्या आत हुडहुडी."
मला तेवढं पुरे.
ज्याला भोंग्यासकट आठवतं,
ज्याला डोळे नुसते फिरवले तरी दुखतात,
मांड्या मुसळानं कांडल्यासारख्या होतात,
त्याच्या घरात बहुतेक फ्लू शिरलाय, कडी न वाजवता.

"ताकदीचं इंजेक्शन सांगा एखादं."
"नाहीतर त्या लाल-काळ्या गोळ्या, मागच्या साली दिल्या होत्या त्या."
त्या गोळ्यांचं भांडण दुसऱ्याच जंतूंशी आहे, चाचा,
या विषाणूला त्या ओळखतही नाहीत.
तापाला पॅरासिटामॉल.
घरी दुसरी पुडी असेल तर आणून दाखवा,
दोन्हींत तेच औषध नको.
पाणी प्या, ज्वारीची पातळ आंबील, वरणाचं पाणी.
खोकताना तोंड कोपरात.
आणि चार-पाच दिवस नातीला जवळ घ्यायचं नाही.
"पापा बी नाही?"
पापा तर नाहीच नाही.

मग कागदावर लिहिते : झोप, तीन दिवस तरी.
हे औषध माझ्याकडे कधीच नसतं.
फडताळात नाही, परभणीच्या एजन्सीकडेही नाही.
त्याची किंमत तेवढी हजेरीच्या वहीत असते.
खाजामिया कागद वाचतात,
घडी करून टोपीत ठेवतात
आणि गेटकडेच वळतात.

सोजराबाईचा ताप चौथ्या दिवशी उतरला होता.
मी मनातल्या यादीतून तिला खोडलंही.
सातव्या दिवशी पायरीवर येऊन बसली, ताप परत घेऊन.
"ताई" म्हणायला दोनदा श्वास घेतला तिनं.
मी कुठल्याच खोक्याला हात लावला नाही,
एकशे आठला फोन लावला.
गाडी येईतो तिची नखं बघायला गेले,
तर पुतणीच्या लग्नाची मेंदी.
ओठ बघितले. जांभळ खाल्ल्यासारखे.

न्यूमोनिया होता. आली परत, बारीक होऊन,
आल्या आल्या म्हणाली, "माझी उधारी किती?"

तेव्हापासून कागदाच्या पाठीमागेही लिहिते.
धाप लागली, छातीत दुखलं,
ताप जाऊन परत आला,
माणूस बरळू लागलं, लेकरू पाणी पिईना,
तर माझ्याकडे येऊ नका, सरळ दवाखाना.
पोटुशी बाई, म्हातारं माणूस, दमेकरी, साखरवाला,
यांनी तर पहिल्याच दिवशी.
अक्षर लहान होत जातं. कागद तेवढाच.

काल संध्याकाळी पट्ट्या मोजत होते.
सव्वीस, सत्तावीस,
आणि अठ्ठाविसावर पाठीतून गार पाणी गेलं.
घड्याळाकडे बघितलं.
कुलूप घेऊन बाहेर आले, शटर ओढलं,
ते अर्ध्यावरच राहिलं.
खाजामिया पाळीवर निघाले होते, अजून खोकत, कोपरात.
थांबले. लांबूनच विचारलं,
"भोंग्याच्या आदी का नंतर?"
"आधी."
"मंग जा घरी," म्हणाले,
आणि उरलेलं शटर त्यांनीच खाली ओढलं.